चित्र कुठे अडतं

सर्वेशने पदर सावरला, राजाकडे मान वळवली आणि चित्र थांबलं. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत. वजनात मारणाऱ्या भाजीवाल्याकडे बघावं तसं सुगंधाने दीप्तीच्या टीव्हीकडे बघितलं.

सुगंधाचा हा मुलगा बँकेतली कायमची नोकरी सोडून कुडाळच्या दशावतारी मंडळीत गेला होता आणि तिथे राण्यांची कामं करत होता. 'साडी नेसणारा मुलगा माझा नाही,' एवढंच त्याचे वडील जयवंत बोलले आणि त्याचं नाव घरातून बाद झालं. म्हणून ज्या रविवारी संध्याकाळी मंडळी आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवत, त्या रविवारी सुगंधा नवऱ्याला भजनाला जाते सांगून सातव्या मजल्यावर दीप्तीकडे यायची. आज राणीचा विलाप होता. उद्या सर्वेश चोरून फोन करणार आणि पहिलं तेच विचारणार, कसा झाला?

जोगेश्वरीच्या त्या इमारतीत इंटरनेटची तार फक्त तळमजल्यावर, सोसायटीच्या ऑफिसात येत होती. तिथून वर दीप्तीने मजल्यामजल्यावर बिनतारी डबे बसवले होते. पाण्याच्या बादल्या हातोहात द्याव्यात, तसा खालचा डबा वरच्याकडे चित्र पोचवायचा. खाली कुणी घागरभर काढून घेतलं की सातव्यावर नुसते थेंब.

"मग खाली काढून घेतंय कोण?" सुगंधाने विचारलं.

क्रिकेटवाल्या भाऊंचा तिला संशय होता, पण आज मॅच नव्हती. मोबाइलवर गेम खेळणारा प्रितम सासुरवाडीला जेवायला गेला होता. इमारतीत कोण कुठे असतं हे सुगंधाला पाठ असायचं. नवऱ्याचंही. ते टाकीच्या दुरुस्तीचे कागद बघायला ऑफिसात बसले होते, नेहमीच्या रविवारसारखे.

कुठल्या डब्यावरून किती जातंय ते दीप्तीने मोबाइलवर तपासलं. ऑफिसाजवळच कुणीतरी व्हिडिओ बघत होतं, तोही सगळ्यात स्पष्ट चित्रात.

"बंद करू का त्याचं, काकू?"

"थांब गं. आधी बघून तर येऊ दे, एवढं स्पष्ट काय बघायचंय त्याला."

ऑफिसचं दार नुसतं लोटलेलं होतं. जयवंत शिक्क्यांच्या डब्याला मोबाइल टेकवून बसले होते, नाक काचेला लागेल इतके जवळ. पडद्यावर राणी रडत होती. गालावरचा रंग ओघळताना दारातूनही दिसत होता. आवाज मात्र पूर्ण बंद.

तिची चाहूल लागताच त्यांनी टाकीची फाइल मोबाइलवर ठेवली. सुगंधाने ती उचलली आणि बाजूला केली.

"आपण येगयेगळा बघतंव, म्हणान तुटता," ती म्हणाली. "चला घरी. एकाच टीव्हीर बघूया. आवाज लावून."