दुपारी दोनचा पिक्चर

देवीलाल राठोडनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि तो दोन पावलं मागे सरला. जसा काही त्यातून विंचूच निघणार होता.

"सर, मले नाही उघडायचं. तुमीच वाचा."

"तुझ्या नावाचं आहे, देवीलाल."

"असू द्या. मागच्या खेपेस असंच पाकीट आलतं, तं आठ दिवस केबल बंद होती. घाटंजीत कोणाच्याबी घरी कागद आला तं पयले तुमच्याकडं येते. मंग माह्याच कागदानं काय पाप केलं?"

खोटं नव्हतं. पांढरीपांडे सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती. पण कोर्टाची नोटीस असो की सोयरिकीचं पत्र, गावातला कागद आधी त्यांच्या ओट्यावर यायचा. सरांनी चष्मा पुसला आणि पाकिटावरची ओळ वाचली. 'देवीलाल केबल यांस, दुपारच्या पिक्चरबाबत, तातडीचे.' त्यांचा हात तिथेच थांबला. अक्षर सुमेधाबाईंचं होतं.

म्हणजे बायकोला कळलं होतं तर.

गोष्ट अशी होती. दुपारी दोनला भारनियमन संपायचं, लाइट यायची आणि देवीलाल आपल्या लोकल चॅनेलवर कराटेचा पिक्चर लावायचा. सुमेधाबाई त्याच वेळी शेजारच्या अनघाकडे वाती वळायला जात. घरच्या समईला मात्र वाती बाजारातूनच येत. त्या गेल्या की सर दाराला कडी लावत, टीव्हीचा आवाज पार बंद करत आणि खुर्ची पुढे ओढून बसत. गल्ली तेव्हा इतकी शांत असे की ओट्यावरचं मांजर चाललेलं ऐकू यावं. समोरच्या मारोतरावांच्या खिडकीलाही पडदा ओढलेला असे. निजलेल्या गल्लीत सरांच्या घरातून 'हू हा' ऐकू जाणं शोभलं नसतं.

सरांनी त्यासाठी शंभरपानी वही घातली होती. लाल शाईनं चुका लिहीत. हजार वर्षांपूर्वीच्या साधूच्या मनगटावर घड्याळ. हिरो झाडावर उडी मारतो तेव्हा कमरेची तार दिसते. गालावर तीळ असलेला गुंड पुलावरून पडून मरतो, वीस मिनिटांनी दुसरा सदरा घालून हजर होतो आणि पुन्हा मार खाऊन मरतो. त्या दिवशी सर उशीत तोंड खुपसून हसले होते. शंभरपैकी चार गुण. चार गुणांचे पिक्चर ते दोनदा पाहत.

हसून झालं की लाज वाटे. ती कापसाची वाईट वर्षं होती. तालुक्यात रोज लाल दिव्याच्या गाड्या फिरत, फोटोवाले फिरत. सरांच्या हाताखाली शिकलेली दोन पोरं त्या वर्षांत कर्जापायी जिवानिशी गेली होती. अशात हसणं म्हणजे सुतकात श्रीखंड खाणं. पण हेही तितकंच खरं, की तीळवाला गुंड दुसरा सदरा घालून उभा राहिला, त्या दिवशी सरांना जेवण गेलं होतं.

"कोनं केला असंन अर्ज?" देवीलालनं विचारलं.

"माझ्याच घरातून आलाय."

देवीलालनं जीभ चावली. "मंग बंद करतो ना सर. भजनं लावतो. कायले वाद?"

सरांनी पाकीट उचलून हातात धरलं. गप्प बसलं तर पिक्चर जाणार होता. तोंड उघडलं तर तीस वर्षांचं मुख्याध्यापकपण.

"देवीलाल, तुझ्या चॅनेलवर खाली सराफाच्या जाहिरातीची पट्टी धावते. तिच्यात काय लिहायचं ते कोण ठरवतं?"

"मीच."

"मग हे लिही." सरांनी वहीचं पान फाडलं आणि एका दमात मजकूर उतरवला. 'हा पिक्चर मी रोज पाहतो. मला आवडतो. कोणाच्याही अर्जानं तो बंद होणार नाही. चं. वि. पांढरीपांडे, निवृत्त मुख्याध्यापक.'

देवीलालनं ते दोनदा वाचलं. "सर, पूर्ण गाव वाचंन हे."

"वाचता यावं म्हणूनच तर तीस वर्षं शिकवलं."

"आन् बाई काय म्हनतीन?"

"त्यांचं म्हणणं त्यांनी पाकिटात घातलं. माझं मी पट्टीवर घालतो. जा, दोन वाजत आले."

देवीलाल गेला. सुमेधाबाई नेहमीप्रमाणे अनघाकडे गेल्या. दोनला लाइट आली. सरांनी आज कडी लावली नाही. उलट दार सताड उघडलं, खिडकी उघडली आणि शाळेच्या तपासणीला बसावं तसे ताठ बसले. पाकीट मांडीवर होतं. ते त्यांनी मुद्दाम फोडलं नव्हतं. आधी आपलं उत्तर जाऊ दे, मग आरोप वाचू.

दोन वाजून वीस मिनिटांनी पट्टी धावली. पडद्यावर हिरो एकटा बारा जणांना लोळवत होता आणि त्याच्या पायाखालून सरांचं नाव हळूहळू सरकत गेलं. गल्ली शांत होती. पट्टी दुसऱ्यांदा धावली. आता कोणीतरी ओट्यावर येईल, जाब विचारेल, म्हणून सर दाराकडे पाहत राहिले.

कोणी आलं नाही. पट्टी तिसऱ्यांदा गेली आणि मारोतरावांच्या पडद्याआडून एकदम लाथ बसल्याचा आवाज आला. मागोमाग पलीकडच्या घरातून. मग त्याच्याही पलीकडून. अनघाच्या घरात बायका खदखदून हसल्या. त्यातलं एक हसू सरांच्या चांगल्या ओळखीचं होतं. पण ते ऐकून दोन वर्षं झाली होती.

सरांनी पाकीट फोडलं. आत मजकूर होता, खाली एकवीस सह्या होत्या आणि पहिली सही सुमेधाबाईंची होती.

'विनंती की, दुपारचा पिक्चर आम्हां सर्वांना फार आवडतो. परंतु त्या वेळी आमच्या गल्लीत सर घरी असतात, त्यांच्यासमोर बरं दिसत नाही, म्हणून आम्ही दोन वर्षांपासून आवाज बंद करून पाहत आहोत. तरी पिक्चर पाच वाजता, सर फिरायला जातात तेव्हा लावावा. ती माणसं काय बोलतात, ते एकदा तरी ऐकू द्यावे.'