पानोपानी 'चालेल'

बायकोच्या पहिल्यावहिल्या कादंबरीचं बाड मांडीवर घेऊन नवरा पेन्सिल चालवत होता.

"उद्गारचिन्हं किती पेरलीयस. डोळ्यांत खुपतात. उडवतो."

"चालेल."

"दर पानावर कुणी ना कुणी सुस्कारा सोडतंय. वाचणाऱ्यालाच दम लागतो. तेही उडवतो."

"चालेल."

"आणि हो, उद्या माझे मित्र जेवायला येतायत. तुझं मैत्रिणींकडे जाणं राहू दे."

"चालेल."

त्याने पान उलटलं. "ही तुझी नायिका ऊठसूट 'चालेल' म्हणते. दाताखाली खडा आल्यासारखं होतं. कुठली बाई बोलते गं असं? वाचक वैतागेल. सगळे काढतो."

तिने त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

"नाही चालणार. वाचकाला तरी वैतागू दे."