यंदाची गणती

पानांआड लपणाऱ्या त्या इवल्या पक्ष्याची गणती तो अभ्यासक वर्षानुवर्षं त्याच्या बारीक शिळेवरून करत आला होता. दरवर्षी आकडा घसरत गेला आणि यंदा तर जंगलभर पायपीट करूनही एकदासुद्धा शीळ कानावर पडली नाही. निवृत्तीआधीच्या शेवटच्या फेरीला त्याने बायकोला सोबत आणलं होतं. ओंडक्यावर बसकण मारत तो थकून म्हणाला, "संपला गं तो पक्षी. माझ्या डोळ्यांदेखत संपला."

"मग हे केव्हाचं कोण शिट्ट्या मारतंय? कान किटले माझे!" तिने डोक्यावरच्या फांदीकडे बोट दाखवलं.

त्याने वर पाहिलं. तोच होता.


इवलीशी चोच भराभर उघडत होती, मिटत होती. त्याच्या कानांपर्यंत मात्र काहीच पोहोचत नव्हतं.