दाराजवळची जागा

सकाळी दहा वाजता गाडीचं इंजिन बाहेर काढलं. ते गॅरेजच्या फरशीवर टेकलं तेव्हा मिस्त्रीने हात पुसले आणि सांगितलं, "हे संपलं. नवंच घालावं लागेल."

जुन्या गाड्यांचा दलाल आधीच येऊन बसला होता. "ताई, इंजिन नसलेल्या गाडीला आम्ही टपरी म्हणतो," तो म्हणाला. "टपरीच्या मानाने भाव चांगला देतोय."

गाडी ताईच्या वडिलांची. सतरा सीटांची, शनिवारी डोंगरातल्या तळ्यावर जाणारी, रविवारी परतणारी. तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि धंदा तिच्यावर आला. हंगाम तोंडावर होता. त्या दोन महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं असतं. इंजिनाचे पैसे तिच्याकडे नव्हते आणि बँकेने कालच हात वर केले होते.

ती गाडीत चढली. दाराजवळच्या सीटवर आईची निळी शाल होती, नेहमीसारखी.

आई गेली त्याच वर्षी वडिलांनी गाडी घेतली. ताई तेव्हा शाळेत होती. पहिल्या शनिवारी तिने विचारलं, ही एकच जागा रिकामी का? "ती आईची," वडील म्हणाले. तिने धावत जाऊन शाल आणली. पुढे दर शनिवारी ती ऑफिसच्या पायरीवर उभी राहून आधी वडिलांना आणि मग शालीला हात करायची. गाडी कोपऱ्यावरून वळली की पाटी-दप्तर, पुढच्या वर्षांत ऑफिसचा फोन. ती स्वतः कधी तळ्यावर गेली नाही. वडिलांच्या मागेही तिने ती जागा विकली नाही. हंगामात लोक दुप्पट भाडं द्यायला तयार असत, तरी नाही.

"भाऊंचे पैसे माझ्याकडे आहेत," खालून मिस्त्री म्हणाला. वडिलांना सगळे भाऊ म्हणत. "अर्ध्या इंजिनाचे होतील. बाकीचं बघा."

"बाबांचे? कसले?"

मिस्त्रीने सुरुवातीपासून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरकाकांकडे पाहिलं. काका चपलेने फरशीवरचं तेल पुसायला लागले.

"सांग की आता. का तेही मीच सांगू?" मिस्त्री त्यांना म्हणाला.

"पूल ओलांडला की नाका लागतो," काका म्हणाले. "भाऊ तिथे गाडी थांबवायचे. आयत्या वेळी निघालेलं कुणीतरी उभं असायचंच. शाल घडी करून वर ठेवायची, माणूस बसवायचा. परतताना नाक्यावर त्याला उतरवायचं, शाल पुन्हा सीटवर. भाडं थेट इथे, मिस्त्रीकडे."

"घरी का नाही?"

"घरी आणलं की संपतं, म्हणायचे. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, आणि भाऊंना नाही म्हणता यायचं नाही. सोळा सीटा आपल्या, ही एक गाडीची, असा हिशेब."

"मला सांगून गेले होते," मिस्त्री म्हणाला, "मी स्वतः मागायला आलो तरी देऊ नकोस. नवं इंजिन घालायची वेळ येईल तेव्हाच काढ. दोनदा आले होते मागायला. दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवले."

ताई गाडीच्या पायरीवर बसली. "मग ही तीन वर्षं?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत, 'काका, आईच्या जागेवर कुणाला बसवायचं नाही.'" काकांनी मान वर केली नाही. "आता मालकिणीला कोण सांगणार, तुमच्या आईला जरा उतरवा म्हणून? मी नाक्यावर थांबणं सोडलं."

"ते पैसे पडत गेले असते तर?"

"तर मी आत्ता इंजिन बसवत असतो," मिस्त्री म्हणाला. "गप्पा मारत नसतो."

दलाल चहा पिऊन गेला. गाडी न घेता. उरलेले पैसे महिन्याच्या महिन्याला फेडायचे ठरले. मिस्त्रीने एकच अट घातली, एकही महिना चुकता कामा नये.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी, पहाटे सहाला, ताई पायरीवर उभी राहिली नाही. गाडीत बसली, काकांच्या शेजारी. पूल मागे पडला तशी ती उठली, शाल उचलली, घडी केली आणि वरच्या फळीवर ठेवली.

काकांनी नाक्यावर गाडी उभी केली. नाक्यावर कुणी नव्हतं. तीन वर्षं न थांबलेल्या गाडीची वाट कोण बघणार?

"भाऊ दहा मिनिटं थांबायचे," काका म्हणाले.

"आपणही थांबू."

मागून कुणीतरी कुरकुरलं, "काय झालं? बंद पडली का?"

"नाही," ताई म्हणाली. "एक जण यायचाय."

पलीकडच्या फुटपाथवर एक बाई पिशवी खाली ठेवून गाडीची पाटी वाचते आहे. गाडीचं दार उघडं आहे. बाईने अजून रस्ता ओलांडलेला नाही.