ठमीचा विळा

"विळा आणलास?" कमळाकरने विचारले.

महिपतने दोन्ही हात पुढे केले. रिकामेच होते.

"लोहार देत नाय, दादा. म्हनतो, लढाई चाललीय, लोखंड मिळत नाय. माज्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला दोन विळे दिले."

शेत कमळाकरचे, आणि लोहार महिपतला विळा देणार नाही हे त्याला आधीच ठाऊक होते. वैशाखरे गावात कापणीला येणारा प्रत्येक जण आपला विळा आपणच आणतो, म्हणून त्याने काल महिपतला सांगितले होते, विळा आण आणि ये. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा त्याचा बेत.

महिपत दहा वर्षांची सक्तमजुरी भोगून दसऱ्याला सुटला होता. बांधाच्या भांडणात त्याने शेजाऱ्यावर कोयता चालवला आणि तो माणूस मेला. हे त्याने कधी नाकारले नाही, कोर्टात नाही आणि आताही नाही. काम शोधत तो किन्हवलीपर्यंत जाऊन आला होता. तिथे एक दिवस हमाली मिळाली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओळखले.

"बरं, पेंढ्यांचे बंध वळत बस," कमळाकर म्हणाला. "दुपारची भाकर मिळेल. उद्या मात्र दुसरं गाव बघ."

महिपत बांधावर बसला आणि बंध वळू लागला. खाली शेतात बाया ओळीने भात कापत होत्या. ठमीची पात, म्हणजे तिच्या वाट्याची कापायची पट्टी, बांधालगतची. ती सोडून ठमी तडक ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"हा मानूस माज्या पाठीशी नको गो," ती सकुबाईला म्हणाली, महिपतला नीट ऐकू जाईल अशी. सकुबाई त्या बायांची म्होरकी, सगळ्यांत म्हातारी. ती कापतच राहिली.

तासाभरात ठमीचे बोट कापले. भाताकडे बघायचे सोडून सारखी बांधाकडे बघत होती, मग दुसरे काय होणार! डाव्या हाताचे बोट, रक्त बरेच गेले. विळा तिथेच टाकून ती घरी गेली.

आणि नेमके त्याच वेळी घाटाच्या बाजूने आभाळ भरून आले. उभे भात पिकून वाकले होते. एक सर आली असती तरी सगळे चिखलात लोळले असते.

सकुबाईने ठमीचा विळा उचलला, बांधापाशी आली आणि तो महिपतच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला.

"ठमीची पात तू घे."

बायांचे हात थांबले. कमळाकरने बोलायला तोंड उघडले, आभाळाकडे पाहिले आणि मिटले.

महिपत हलला नाही.

"हातात दे, काकी."

भिमी नावाची एक पोरसवदा बाई दोन पावले मागे सरली.

"हातात?" सकुबाईने कमरेवर हात ठेवले. "का रे, माज्याशी भांडायचंय तुला?"

विळा-कोयता हातातून हातात दिला की देणाऱ्या-घेणाऱ्याचे भांडण होते, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही कळते. देणाऱ्याने खाली ठेवायचा, घेणाऱ्याने खालून उचलायचा. मग समोर भाऊ असो की नवरा.

महिपतचा चेहरा पडला.

"तिथं तुरुंगात खालचं हत्यार उचललं की फटके," तो म्हणाला. "शिपायानं हातात दिलं तरच घ्यायचं. इसरूनच गेलो मी. मला वाटलं, भ्यायलीस म्हनून लांबनं ठेवलास."

"भेते तर," सकुबाई म्हणाली. "पन म्हनून नाय ठेवला. सगल्यांनाच असा ठेवतात."

भिमी फिसकन हसली. महिपतने विळा उचलून कपाळाला लावला आणि शेतात उतरला. दिवस बुडेपर्यंत त्याने मान वर केली नाही. पाऊस काही आला नाही. आभाळाला दिल्या शब्दाची लाज थोडीच असते! पण ठमीची पात पुरी झाली आणि शेजारचीही अर्धी.

संध्याकाळी सगळी मंडळी कमळाकरच्या अंगणात जमली. बोटाला हळद-चिंधी बांधून ठमी आपला विळा न्यायला आली, तेव्हा तिला कळले तो कोणाकडे आहे. ती चार हात लांबच उभी राहिली.

महिपतने विळा धुऊन दगडावर घासला होता. त्याने तो ठमीच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला, मूठ तिच्याकडे, पाते आपल्याकडे, आणि मागे सरकला.

"उचल गो ठमे," कमळाकर म्हणाला. "उद्या तुज्या पातीला दुसरं कोनी बघतो मी."

महिपतने खांद्यावरची घोंगडी सारखी केली. जायचेच होते.

ठमीने विळ्याची धार पाहिली. मग आपले बोट पाहिले.

"दुसरं कोन?" ती कमळाकरला म्हणाली. "आठ दिस तरी हे बोट कामाचं नाय."

ती खाली वाकली. विळा तिने उचलला नाही. उजव्या हाताने जमिनीवरच फिरवला आणि मूठ महिपतकडे केली.