जाळ धरेना

क्रांती चौकामागं वच्छलाबाईंची खानावळ आहे. गेल्या महिन्यात त्यांनी गॅस काढून टाकला आणि भुशाच्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारी शेगडी घेतली. आज सकाळपासून ती काही केल्या पेटेना. खोलीभर नुसता धूर झाला होता, आणि अकरा वाजता चाळीस मुलं जेवायला येणार होती.

त्यांनी शेगडीवाल्या सोमनाथला फोन लावला. तो सांगेल तशी त्यांनी राख काढली, जाळी खरवडली, सादळलेल्या गोळ्या काढून कोरड्या भरल्या. तरी धूरच.

"मावशी, खालचा पंखा फिरतोय का?" सोमनाथनं विचारलं.

"फिरतोय, पण लई हळू."

"आन् घरातला दिवा?"

"तोबी मिणमिणतोय."

"मग शेगडीला काय झालं नाय. लाईटच कमी दाबानं येतीय. पंख्यानं जोरात वारा दिल्याबिगर ती जाळ धरायची नाय."

वच्छलाबाईंनी विजेची तक्रार नोंदवली आणि धुरानं चुरचुरणारे डोळे पुसत दारात उभ्या राहिल्या. तासाभरानं लाईनमन आला. खांबावरची तार सैल झालीय, पाच मिनिटांचं काम आहे, असं म्हणाला. त्यांच्या जिवात जीव आला. त्यानं शिडी खांबाला टेकवली, हात धुतले आणि खानावळीच्या बाकावर येऊन बसला.



"पहाटपासून पोटात काय नाय, मावशी. उपाशी वर चढलो की गरगरतं. आधी गरम दोन भाकरी वाढा, मग लगेच चढतो."