लाल टोपीचा मासेमार

"जाळं कुजलं तुझं," नेइरा दारातून म्हणाली. "उंदरांनी बिऱ्हाड थाटलंय त्यात."

एउदोने मान वळवली नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या सरोवरात तो गळ टाकून बसला होता. तिथलं पाणी निळं होतं. बाहेर, माराकाइबोच्या खऱ्या सरोवरावर तेलाचा तवंग होता आणि काठावर त्याची होडी उपडी पडली होती.

"आंघोळ तरी कर. की तीही पोरगाच येऊन घालणार?"

"तो येईल आता. तू जा लेदीकडे."

"जातेच. बस त्या डबड्याला कवटाळून."

रोजचंच होतं हे. नेइरा मक्याच्या आरेपा-भाकऱ्यांचं पीठ मळायला बहिणीकडे, लेदीकडे गेली, की थोड्या वेळाने पडद्यावर योर्मान यायचा.

योर्मान, त्यांचा लेक, कामाच्या शोधात जंगलाच्या वाटेने उत्तरेला निघाला होता. बरोबरचे लोक पलीकडे पोचले. नदी फुगली होती, एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. एउदोने अंथरूण धरलं, अन्न सोडलं. मग एका संध्याकाळी खेळातल्या सरोवरावर योर्मानचा लाल टोपीवाला मासेमार उगवला.

"आशीर्वाद दे, पा. फोन नदीत गेला. इथं कामावर नुसता कॉम्प्युटर आहे."

त्यांच्यात पोरांनी आशीर्वाद मागायचा, आईबापांनी, काका-मावशीने द्यायचा, मगच पुढचं बोलणं.

"देव तुझं भलं करो, पोरा," एउदोने रडत लिहिलं. त्या रात्री तो जेवला. मात्र ती खुर्ची पुन्हा सुटली नाही.

आजही लाल टोपी आली.

"आशीर्वाद, पा. जेवलास?"

"तुझी आई डोकं खाते माझं."

"खाऊ दे. आंघोळ कर तू."

एउदो हसला. तेवढ्यात काठावर आणखी एक गळ पडला. लेदीची मुलगी मायेरलिन होती, योर्मानच्या बरोबरीची, आता बोगोताच्या थंडीत नोकरीला. तिने आईकडे ठेवलेल्या कॉम्प्युटरवरच योर्मान हा खेळ शिकला होता.

"आशीर्वाद, काका," तिने लिहिलं.

एउदोची बोटं अजून अक्षरं शोधत होती. तोवर लाल टोपीखाली उत्तर उमटलं.

"देव तुझं भलं करो, पोरी. स्वेटर घालतेस ना गं?"

एउदोने लाल टोपीखालची ओळ पुन्हा वाचली. निळं पाणी हलत राहिलं.

बऱ्याच वेळाने एउदोने एकेक अक्षर शोधून लिहिलं, "घरी ये, नेइरा."